झाडाचे तेल कुणाच्या जागी?

आमसुलांसाठी रातांबे फोडून साली वाळत घातल्या, की मागे बिया उरतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात या बिया वाळवतात, फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी गोळा करून, निवल्यावर मुठीने वळली की तिचे मुठेल होते. गोव्याकडे तेच भिरंडेल. तिकडे गडचिरोली-गोंदियात, मेळघाटात, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात मोहफुलांचा हंगाम सरला, की पावसाच्या तोंडावर त्याच झाडाची फळे पिकून गळतात आणि त्यांच्या बियांतून, म्हणजे टोळंबीतून, फिकट पिवळे तेल निघते. थंडीत ते थिजते. ही दोन्ही तेले पिढ्यानपिढ्या खाल्ली गेली, दिव्यात जळली, भेगाळलेल्या टाचांना लागली. आज त्यांच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताने ही तेले म्हणजे विसरलेले अमृत. त्यांत हृदयाला हितकर मेदाम्ले आहेत आणि बाजारातल्या बाटल्या टाकून आपण त्यांच्याकडे परतले पाहिजे. दुसऱ्या मताने ती नाइलाजाच्या काळातली जड, गोठणारी, कडवट तेले. साबणाच्या कारखान्यात गेली तीच त्यांची योग्य जागा. माझ्या मते दोन्हीकडे एकच चूक आहे. दोघेही मेदाम्लांचा तक्ता उघडतात आणि त्यालाच निकालपत्र समजतात. एखाद्या तेलाचे हित-अहित त्यातल्या आम्लाच्या नावावर ठरत नाही. ते तेल ताटात कोणत्या स्निग्धाची जागा घेते यावर ते ठरते. हा प्रश्न नीट विचारला तर आपल्या काही झाडांना स्वयंपाकघरात निश्चित जागा आहे आणि काहींना ती अजिबात नाही, असे दिसते. हे म्हणणे पारखून घेण्यासाठी आपल्या शास्त्रग्रंथांची जुनी रीत इथे वापरतो. पूर्वपक्ष जितका भक्कम मांडता येईल तितका मांडायचा आणि मग उत्तर द्यायचे. पूर्वपक्ष आहारशास्त्र आणि तेलाचा व्यापार दोन्ही जाणणाऱ्या चिकित्सकाचा आहे, उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : मूळ शब्दापासूनच सुरुवात करू. तुम्ही 'हितकर मेदाम्ले' म्हणता. माणसाच्या शरीराला बाहेरून मिळालीच पाहिजेत अशी मेदाम्ले दोनच : लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या कुळांची मुळे. तुमच्या मोहात आणि कोकमात भर आहे ती ओलिक आणि स्टिअरिक आम्लांची, आणि ती दोन्ही शरीर स्वतः बनवते. कोकमाच्या चरबीत लिनोलेइक नावापुरते. ओमेगा-३ दोन्हींत नगण्य. उलट जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आहे आणि करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक. जवस आणि करडई ही महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीची जुनी पिके. एका हंगामात हाती येतात, त्यासाठी आठ-दहा वर्षे झाड वाढवावे लागत नाही. मग जंगलात जायचे कशाला?

उत्तरपक्ष : हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि वृक्षतेलांचा उदोउदो करणाऱ्यांनी तो प्रथम ऐकून घ्यावा असे वाटते. ओमेगा-३ हवे असेल तर जवसाची चटणी खावी, मासे खाणाऱ्याने बांगडा-तारली खावी. झाडांत याला मोठा अपवाद अक्रोडाचा. त्याच्या तेलात सुमारे दहावा हिस्सा अल्फा-लिनोलेनिक असते. पण अक्रोड काश्मीरचा, आणि त्याची किंमत पाहता तो रोजच्या फोडणीचा पर्याय नाही. म्हणून आवश्यक मेदाम्लांच्या कसोटीवर मोह-कोकमाची बाजू मी मांडतच नाही. पण घरात येणारे तेल केवळ आवश्यक मेदाम्लांसाठी येत नाही. त्यात भाजी शिजते, पुरी तळली जाते, त्याच्या घट्टपणावर बिस्किटाचा खुसखुशीतपणा आणि मिठाईचा पोत उभा असतो. एका माणसाच्या आहारात आवश्यक मेदाम्ले लागतात ती काही ग्रॅम. उरलेले स्निग्ध कोणते, हा खरा मोठा प्रश्न. आणि आहारशास्त्राच्या गेल्या साठ वर्षांतल्या कामाचे सार असे, की एखादे मेदाम्ल 'चांगले' की 'वाईट' हे एकटे सांगताच येत नाही. ताटातून काय काढले आणि त्या जागी काय ठेवले, हे सांगितल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. संपृक्त स्निग्ध काढून मैदा-साखर वाढवली तर हृदयाला फारसे काही मिळत नाही. त्याच जागी असंपृक्त तेल आले तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा भाग ठळक आहे. संपृक्त मेदाम्लांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि ट्रान्स मेदाची १ टक्क्याच्या आत ठेवावी, असे सांगताना त्यांच्या जागी काय यावे हेही तिथे सांगितले आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही स्वतःच १० टक्के म्हणालात, ते बरे झाले. मोहाच्या तेलात पामिटिक सुमारे पाव भाग आणि स्टिअरिक जवळपास तितकेच. म्हणजे संपृक्त आम्ले चाळीस-पंचेचाळीस टक्के. कोकमाच्या चरबीत एकटे स्टिअरिकच ५५ ते ६० टक्के. शेंगदाण्याच्या तेलात संपृक्त आम्ले याच्या निम्म्याहून कमी. या हिशेबाने तुमची झाडे वनस्पती तुपाच्या रांगेत जाऊन बसतात. जे स्निग्ध अंगाच्या उष्णतेला जेमतेम वितळते, ते हितकर कसे?

उत्तरपक्ष : इथे थोडे थांबावे लागेल, कारण वादाचा गाभा इथेच आहे. 'संपृक्त' या एका नावाखाली स्वभावाने वेगळी आम्ले येतात. १९६५ साली अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारातल्या मेदाचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर होणारा परिणाम सूत्रात बांधला, तेव्हाच त्यांना दिसले की स्टिअरिक आम्ल त्या सूत्रात बसत नाही. बाकीची संपृक्त आम्ले कोलेस्टेरॉल वाढवतात, हे वाढवत नाही. १९८८ मध्ये बोनानोमे आणि ग्रंडी यांनी हाच प्रश्न सरळ प्रयोगाने तपासला. तीन आहार, एकात पामिटिक भरपूर, दुसऱ्यात स्टिअरिक, तिसऱ्यात ओलिक. पामिटिकच्या आहाराशी तुलना करता स्टिअरिकच्या आहारावर एलडीएल कोलेस्टेरॉल २१ टक्क्यांनी आणि ओलिकच्या आहारावर १५ टक्क्यांनी कमी आढळले. शरीर स्टिअरिकचा काही भाग ओलिकमध्ये बदलते, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. आता या प्रकाशात तक्ता पुन्हा वाचा. पामतेलात सुमारे ४४ टक्के पामिटिक आणि जेमतेम चार-पाच टक्के स्टिअरिक. मोहाच्या तेलात पामिटिक त्याच्या जवळपास निम्मे, आणि उरलेल्या संपृक्त भागात स्टिअरिक. कोकमात पामिटिक अवघे दोन ते पाच टक्के. एकूण संपृक्ताचा आकडा एकट्याने वाचला तर पामतेल आणि मोह जवळपास सारखे आणि कोकम दोघांपेक्षा वाईट ठरते. आम्ले वेगळी करून वाचली तर क्रम बदलतो.

पूर्वपक्ष : त्या प्रयोगात माणसे किती होती, तेही सांगा. अकरा. आहार द्रवरूप, प्रत्येकी तीन आठवडे. एवढ्यावर तुम्ही कोकणातली बरणी उघडणार? शिवाय नंतरच्या अभ्यासांत स्टिअरिकची तुलना असंपृक्त आम्लांशी केली तेव्हा ते ओलिक-लिनोलेइकपेक्षा सरस ठरलेले नाही. एचडीएल, ज्याला लोक चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात, ते स्टिअरिकवर काहीसे घटते असेही दिसले आहे. पामिटिकपेक्षा बरे, एवढेच प्रशस्तिपत्र असेल तर ते फार तोकडे आहे.

उत्तरपक्ष : तोकडे आहे, आणि मला तेवढेच पुरते. अकरा माणसांच्या प्रयोगावर एकट्यावर कुणी विसंबू नये. पण कीज यांच्या गणितापासून पुढच्या अनेक आहारप्रयोगांपर्यंत एवढी गोष्ट टिकून राहिली आहे, की एलडीएलच्या बाबतीत स्टिअरिक पामिटिकसारखे वागत नाही. ते तटस्थ आहे. तटस्थ म्हणजे औषध नव्हे. म्हणून मुठेल चमच्याने खा, असे मी म्हणणार नाही, आणि शेंगदाणा, तीळ किंवा करडईचे तेल काढून त्या जागी कोकमाची चरबी आणा असेही नाही. तशी अदलाबदल तोट्याची होईल. माझे म्हणणे वेगळ्या जागेविषयी आहे. बिस्किटे, खारी, नानकटाई, मिठाई, चॉकलेट या सगळ्यांना घट्ट स्निग्ध लागतेच. द्रव तेलाने ते काम होत नाही. ही जागा आपल्याकडे अनेक दशके वनस्पती तुपाने भरली, म्हणजे द्रव तेलात हायड्रोजन घालून गोठवलेल्या आणि त्या ओघात ट्रान्स मेदाने भरलेल्या स्निग्धाने. आपल्या खाद्यसवयींत आलेली सर्वांत घातक वस्तू बहुधा तीच. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांनी जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे मोठे पाऊल होते. पण ट्रान्स मेद गेल्यावर घट्टपणा आणायचा कुठून? उद्योगाने सोपे उत्तर शोधले : पामतेलाचा घट्ट भाग. त्यात पामिटिक ठासून भरलेले. म्हणजे फार वाईट गेले आणि कमी वाईट आले. याच जागेवर निसर्गतः घट्ट असलेल्या, हायड्रोजनची गरज नसलेल्या, ट्रान्स मेद नसलेल्या आणि पामिटिक जवळपास नसलेल्या कोकमाच्या चरबीचा दावा मला पटतो.

या दाव्याला रसायनशास्त्राचा आणखी एक आधार आहे. तेलात मेदाम्ले सुटी नसतात. ग्लिसरॉलच्या एका रेणूवर तीन आम्ले बसलेली असतात, आणि कोणते आम्ल मधोमध बसले आहे यालाही महत्त्व असते. कोकमाच्या चरबीत बहुसंख्य रेणूंची रचना एकसारखी आहे : दोन्ही टोकांना स्टिअरिक, मध्ये ओलिक. कोको बटरच्या रेणूंची बांधणीही याच घाटाची, फक्त तिच्या टोकांना स्टिअरिकबरोबर पामिटिकही असते. त्यामुळे कोकमाची चरबी चॉकलेटमध्ये बेमालूम मिसळते आणि आपल्या उन्हाळ्यात ते चटकन पाघळू नये यासाठीही उपयोगी पडते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मोह आणि कोकमाच्या चरबीच्या मिश्रणातून उष्णता सहन करणारे असे पूरक स्निग्ध बनवण्याचे काम झाले आणि ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य स्निग्धे पाच टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी दिली. त्या सहांत साल, कोकम आणि आंब्याच्या कोयीची चरबी आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला कायद्याने मान्य केलेल्या सहा स्निग्धांपैकी तीन आपल्या झाडांची असावीत, आणि आपल्याच बेकऱ्यांना त्यांचा पत्ता नसावा, ही गोष्ट मनाला लागते. कोकमाची चरबी आज मोठ्या प्रमाणावर जाते ती सौंदर्यप्रसाधनांत; आणि आंब्याच्या कोयी तर रस काढणाऱ्या कारखान्यांच्या आवारात ढिगाने पडतात.

पूर्वपक्ष : कोकमापुरते तुमचे म्हणणे एक वेळ धरू. पण 'झाडांच्या बियांची तेले' असा सरसकट शब्द एकदा लोकांत गेला की तो कुठवर जाईल याचा विचार करा. करंजाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओलिक आम्ल आहे. कडुलिंबाच्या तेलातही ओलिकच सर्वांत जास्त. तुमच्या त्या तक्त्यावर ही दोन्ही तेले पामतेलापेक्षा देखणी दिसतील. उद्या कुणी ती 'हृदयमित्र' म्हणून विकायला काढली तर? मलेशियात लहान मुलांना कडुलिंबाचे तेल पाजल्याने यकृत आणि मेंदूवर झालेल्या घातक परिणामांची नोंद १९८१ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. कोशिंबाच्या तेलात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्ये असतात. आणि तुमच्या लाडक्या मोहाची पेंड नदीत टाकून मासे मारतात, हेही विसरू नका.

उत्तरपक्ष : हा आक्षेप नसून माझ्याच मुद्द्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे. मेदाम्लांचा तक्ता तेलाचा मोठा भाग सांगतो, पण माणूस आजारी पडतो तो अनेकदा उरलेल्या एक-दोन टक्क्यांनी. करंजात करंजिन आणि त्याच्या जातीची कडू द्रव्ये, कडुलिंबात अझाडिरॅक्टिन आणि त्याची भावंडे. हीच द्रव्ये शेतात किडीला रोखतात आणि म्हणूनच पोटात जायला नकोत. आपल्या गावांनी हा भेद तक्त्याविना पाळला होता. करंज आणि कडुलिंब दिव्याला, कातडीला आणि पिकाला. किनाऱ्यावरच्या उंडीचे तेल दिव्याला. मोह, कोकम, चारोळी पोटाला. ही ओळ पुसणारा माणूस विज्ञानाच्या नावाने अडाणीपणा पसरवतो. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असे लिहिलेले प्रत्येक वेष्टन मला त्यामुळे धोक्याचे वाटते. मोहाच्या बाबतीत तुम्ही सांगितलेले विष खरे आहे. ती सॅपोनिन नावाची फेसाळणारी द्रव्ये. पण ती मुख्यतः पेंडीत राहतात, तेलात फारशी उतरत नाहीत. म्हणून पेंड गुरांना सरसकट घालता येत नाही, आणि तेल मात्र आदिवासी घरांत शिजत आले आहे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत मोहाच्या तेलाला खाद्यतेल म्हणून स्वतंत्र मानक आहे. म्हणजे हे तेल खाण्याजोगे आहे की नाही हा वाद नियमांच्या पातळीवर मिटलेला आहे. खाद्य वृक्षतेलांची यादी आखूड ठेवावी, तिच्याबाहेरचे कितीही मोहक आकडे आले तरी ती वाढवू नये. त्या आखूड यादीत मी शेवग्याच्या बियांचाही समावेश करीन. त्यांच्या तेलात ७० टक्क्यांच्या आसपास ओलिक असते, लिनोलेइक फार थोडे, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. आम्लांच्या तक्त्यावर ते ऑलिव्ह तेलाच्या शेजारी बसते. पण शेवग्याची शेंग आपण कोवळी खातो, बी पिकेपर्यंत झाडावर ठेवत नाही. शेतकऱ्याला शेंगेचा भाव सोडून बियांचा भाव परवडेल तेव्हाच त्या तेलाची गोष्ट पुढे जाईल.

पूर्वपक्ष : खवटपणाचा विषय निघालाच आहे. मोहाची बी गळते पावसाच्या तोंडावर. ओली बी ढिगाने साठवली की तिला बुरशी धरते, बीमधलेच विकर तेल फोडू लागते आणि सुटी मेदाम्ले वाढत जातात. असे आंबलेले तेल शुद्ध करताना त्याचा मोठा हिस्सा साबणाच्या गाळात जातो. म्हणून व्यापारी भाव पाडतो, आणि भाव पडला की गोळा करणाराही वाळवण्याची तसदी घेत नाही. हे दुष्टचक्र प्रयोगशाळेतल्या सुंदर आकड्यांनी तुटत नाही.

उत्तरपक्ष : नाही तुटत. ते वाळवण्याच्या ओट्याने आणि छपराने तुटते. तेलाचा दर्जा घाण्यावर ठरत नाही, तो बी गळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ठरतो. टरफल लगेच काढले, गर पसरून नीट वाळवला, गोणी जमिनीपासून उचलून ठेवली, तर तेच तेल वर्षभर टिकण्याजोगे निघते. या साध्या गोष्टींवर खर्च करायला कुणाला उत्साह नसतो, कारण त्यांचे उद्घाटन होत नाही. पण मोहाच्या तेलाचे भवितव्य संशोधनपत्रांपेक्षा या ओट्यांवर अधिक अवलंबून आहे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वपक्ष : मग मोठे चित्र पाहू. २०२२-२३ च्या तेलवर्षात भारताने १६० लाख टनांहून अधिक खाद्यतेल आयात केले, त्यातले निम्म्याहून जास्त पामतेल. या महासागरापुढे तुमचे मोह आणि कोकम किती? आणि झाडांच्या तेलाने देश वाचवण्याचे स्वप्न आपण एकदा पाहिले आहे. मोगली एरंड आठवतो ना? २००३ पासून त्याच्या बियांवर जैवइंधनाचे मनोरे उभे राहिले, २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये पाचवा हिस्सा जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले. पडीक जमिनीवर झाडे लागली, बिया मात्र कागदावर होत्या तितक्या आल्या नाहीत.

उत्तरपक्ष : आयातीच्या आकड्यापुढे वृक्षतेले नगण्य आहेत आणि नगण्यच राहतील. आयात थांबवण्याचे काम त्यांच्यावर टाकले तर त्यांचाही मोगली एरंड होईल. त्या झाडाची चूक एवढीच होती, की पाण्याविना, मशागतीविना ते भरघोस देईल असे आपण गृहीत धरले आणि ज्याला आपल्याकडे पूर्वी तेलासाठी फारसे कुणी वाढवले नव्हते त्याच्या लाखो रोपांवर पैज लावली. मोह आणि कोकमाचे तसे नाही. ती झाडे उभी आहेत. कोकमाची बी आमसुलाच्या धंद्यात आपोआप निघते, मोहाची बी पायाखाली पडलेली असते. नवी जमीन लागत नाही, नवे पाणी लागत नाही. म्हणून त्यांचे मोजमाप देशाच्या टनांत करू नये; एका तालुक्यात, एका गावात करावे. गडचिरोलीतले एखादे गाव वाण्याकडून पामतेलाची पिशवी विकत घेते आणि स्वतःची टोळंबी स्वस्तात विकते, ही देवघेव आरोग्याच्या आणि पैशाच्या, दोन्ही हिशेबांत उलटी आहे. ती सुलट करणे शक्य आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ऑइल पामच्या लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांच्या अभियानाला मंजुरी दिली. ऑइल पामला भरपूर पाणी लागते, त्याची फळे तोडल्यापासून एका दिवसात कारखान्यात पोचावी लागतात. ते पीक कुठेच घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण २०१४ च्या तेलबिया अभियानात वृक्षतेलबियांसाठी एक स्वतंत्र विभाग होता, त्या धाग्याला पुढे बळ मिळाले असते तर उभ्या झाडांच्या वाट्याला निदान वाळवणीचे ओटे आले असते.

पूर्वपक्ष : आता माझी शेवटची शंका, आणि हीच मला सर्वांत जास्त छळते. समजा तुम्ही जिंकलात. शहरातल्या लोकांना मोहाच्या तेलाची गोडी लागली, कोकमाच्या चरबीला चॉकलेटवाल्यांचा भाव आला. मग काय होईल? मोरोक्कोतल्या अर्गानकडे पाहा. तेही झाड मोहाच्याच कुळातले, त्याच्याही बियांत ओलिक आणि लिनोलेइक आम्लांचे तेल. युनेस्कोने १९९८ मध्ये तो प्रदेश जीवावरण क्षेत्र म्हणून मान्य केला, बायकांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेल जगभर गेले. आणि २०११ मध्ये आलेल्या अभ्यासाने काय दाखवले? तेजीचा काही कुटुंबांना फायदा झाला, मुलींचे शिक्षण थोडे पुढे गेले. पण हाती आलेल्या पैशातून लोकांनी शेळ्या घेतल्या आणि अर्गानच्या रानाला फायदा होण्याऐवजी धोका वाढला. आपल्याकडे मोहाखाली फुले वेचायला सोपे जावे म्हणून पाचोळा जाळतात, गुरे मोकळी चरतात, आणि वर बियाही शेवटच्या दाण्यापर्यंत वेचल्या तर नवे रोप उगवणार कुठून? शिवाय तेल महाग झाले की ते गोळा करणाऱ्याच्या ताटातून पहिले उठेल.

उत्तरपक्ष : या शंकेला माझ्याकडे सुटसुटीत उत्तर नाही, पण तिच्यामुळे माझा मुद्दा अधिक नेमका होतो. तेलाचे हित ते कुणाच्या जागी येते यावर ठरते, असे मी म्हणत आलो. मग ते कुणाच्या ताटात येते हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे. ज्या शहरी घरात शेंगदाणा, तीळ, करडई, ऑलिव्ह सगळे परवडते, तिथे मोहाचे तेल आल्याने आरोग्यात फारसा फरक पडणार नाही. ते तिथे आधीच बऱ्या तेलाची जागा घेईल. ज्या घरात सर्वांत स्वस्त पामतेलाखेरीज दुसरे काही येत नाही, तिथे ते आले तर पामिटिकचा मोठा भाग ताटातून जाईल आणि पैसेही गावात राहतील. म्हणजे आहारशास्त्राच्याच दृष्टीने या तेलाचा पहिला हक्क गोळा करणाऱ्या घराचा आहे, आणि माझी मागणी त्याच क्रमाची आहे : आधी गावातला घाणा, मग आश्रमशाळेचे आणि अंगणवाडीचे स्वयंपाकघर, आणि उरेल ते बाजारात. कोकमाचे उलटे आहे. त्याची बी आमसुलाच्या धंद्यातले उरलेले आहे, झाडे बागांत आणि परसात आहेत, खाणाऱ्याच्या ताटातून काही हिरावले जात नाही. तिथे बेकरीचा आणि चॉकलेटचा बाजार मोकळ्या मनाने शोधावा. दोन्ही झाडांना एकाच योजनेत कोंबणे ही चूक ठरेल.

रानाच्या प्रश्नाला कायद्याने अर्धा आधार दिला आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या बाबतीत ही मालकी प्रत्यक्षात आणली. ज्याची मालकी त्याला राखण्याचे कारणही असते. अर्गानच्या रानातल्या शेळ्यांचा प्रश्न अशाच ठिकाणी सुटू शकतो, जिथे चराईचा आणि वेचणीचा नियम एकच ग्रामसभा करते. हे आपोआप होईल असे नाही. ग्रामसभेने प्रत्येक टोल्यात, प्रत्येक पाणलोटात काही मोह वेचणीबाहेर ठेवले पाहिजेत, त्यांच्याखाली आग आणि गुरे दोन्ही दोन-तीन पावसाळे येऊ देता कामा नयेत, आणि फुलांसाठी जाळण्याऐवजी जाळी अंथरण्याची पद्धत रुजवली पाहिजे. मोहाचे झाड फळायला आठ-दहा वर्षे घेते. आज घाण्यावर जे तेल पडते आहे ते आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या झाडांचे आहे, आणि त्या झाडांच्या जागी नवी किती उगवली आहेत याची मोजणी घाण्याचे यंत्र विकत घेण्याच्या आधी, त्याच ग्रामसभेच्या वहीत झाली पाहिजे.

पूर्वपक्ष : आणि ती मोजणी निराशाजनक निघाली तर?

उत्तरपक्ष : तर तेलाचा विचार काही वर्षे मागे ठेवायचा आणि बिया आधी मातीत जाऊ द्यायच्या. कोकमाच्या बाबतीत मात्र थांबण्याचे कारण नाही. यंदाच्या आमसुलांच्या हंगामात उरणाऱ्या बियांपासूनच सुरुवात करता येईल.